तीस वर्षांचा भाडेकरू

शिगेहारुने आपला सहीचा शिक्का बैठ्या टेबलावर ठेवला तेव्हा त्याची बायको फुमिए हिचे हात अजून पुरणात होते. शरदातल्या पितरांच्या आठवड्यात नीत्सुमांच्या घरी ओहागी व्हायचेच. ओकुमातल्या स्वतःच्या घरी व्हायचे, मग विस्थापितांच्या पत्र्याच्या खोलीत झाले, आणि आता इवाकीतल्या या भाड्याच्या घरातही होत होते. चिकट भाताचा गोळा आणि त्यावर गोड पुरणाचा जाड थर. शिगेहारुची बहीण कायोको आपल्या वहिनीच्या शेजारी बसून गोळे वळत होती. थोरल्या भावाचा शिक्का दिसला तशी ती उठली आणि तिने हात धुतले.

"जेवणाआधीच काढलास तो?"

"जेवण झालं की नोबु लवंडणार आणि तू भांडायला बसणार," शिगेहारु म्हणाला. "त्यापेक्षा भांडण आधी उरकू, म्हणजे जेवण गोड लागेल."

भिंतीला टेकून बसलेला धाकटा नोबुहिको हसला. तो टोकियोजवळच्या सैतामाहून आदल्या दिवशी आला होता आणि आपला शिक्का त्याने खिशातच ठेवला होता. कायोकोने तो कोरियामातल्या घरून आणलाच नव्हता.

वडील कियोमासा तीन वर्षांपूर्वी इथेच इवाकीत वारले. ओकुमातली नासपतीची बाग आणि भाताची खाचरं मात्र अजून त्यांच्याच नावावर होती, म्हणजे आता कागदावर आई तोयो आणि तीन भावंडं अशा चौघांचे शिक्के लागणार होते. अणुभट्टी फुटली त्या मार्चनंतर फुकुशिमा प्रांतभर अंगणं, शेतं, शाळांची मैदानं खरवडून निघालेली किरणोत्सर्गी माती काळ्या पिशव्यांत भरून पडली होती. ती ठेवायला सरकारला भट्टीभोवतालची जमीन हवी होती. तीस वर्षं माती तिथे राहील, मग प्रांताबाहेर नेऊ, असा कायदाच झाला होता. प्रांताबाहेर म्हणजे कुठे, ते कायद्यात नव्हतं. जमीनमालकांपुढे दोन वाटा होत्या. विकून मोकळं व्हायचं, नाहीतर मालकी आपल्याकडे ठेवून जमीन भाड्याने द्यायची. शिगेहारुला विकायची होती, नोबुहिकोलाही. आई काही बोलली नव्हती. आणि कायोको गेली दोन वर्षं दोन्हीला नाही म्हणत होती.

"माझं उत्तर तेच आहे," ती आताही म्हणाली. "बाबांनी उभा जन्म त्या मातीत पालापाचोळा कुजवून घातला. तिच्यावर सगळ्या प्रांताची घाण आणून टाकायची? मी शिक्का देणार नाही."

"ताई, ती माती आता कुणाच्या उपयोगाची आहे?" नोबुहिको म्हणाला. "तिथली नासपती तू खाशील? मुलांना देशील? किती दिवस हे घोंगडं भिजत ठेवायचं?"

"तुझा राग खरा माझ्यावर आहे, ते मला कळतं," शिगेहारु तिला म्हणाला. "आजोबांनी कड्यावरची जमीन भट्टीसाठी वीज कंपनीला दिली. मी तिथल्या कंत्राटदाराकडे चाकरी केली. आणि आता उरलेली जमीनही मीच घालवायला निघालोय. असंच ना?"

"मी नाही म्हटलं. तू म्हणालास."

"भट्टी यायच्या आधी या घरातले पुरुष हिवाळाभर टोकियोत बोगदे खणायला जायचे. आईला विचार. भट्टी आली आणि माणसं थंडीत आपल्या घरी झोपायला लागली. तुझं कॉलेज त्याच पगारावर झालं."

"वीस वर्षं ऐकवतोयस मला ते."

"कारण वीस वर्षं विसरतेस तू."

कोपऱ्यात बसून तोयो पर्सिमनची साल काढत होती. तिने मान वर केली नाही. "बोगद्यात या घरातली दोन माणसं गेली," ती म्हणाली. "भट्टीनं तसं थेट कुणाला मारलं नाही. घराबाहेर काढलं, एवढंच. पण बाहेर काढल्यावर तुमचे बाबा निवाऱ्यासाठी एका शाळेच्या व्यायामशाळेतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत गेले, आणि मग त्यांना कुठेच जायचं नव्हतं."

नोबुहिकोने विचारलं, "पण आई, तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"मी ओहागीच्या बाजूनं आहे. सुकायला लागलेत ते."

सगळे टेबलाभोवती सरकले. वडिलांच्या अस्थींचा कलश खिडकीजवळच्या फळीवर पांढऱ्या कापडात होता. पहिला ओहागी तोयोने त्याच्यापुढे ठेवला. तीन वर्षं झाली तरी कलश कबरीत गेला नव्हता, कारण नीत्सुमांची कबर होती ओकुमात, बागेच्या वरच्या टेकाडावर, आणि तिथे जायला परवाना काढावा लागे.

जेवतानाही विषय सुटला नाही. फक्त रोख बदलला आणि तो नोबुहिकोकडे वळला. कायोको म्हणाली, "आमच्या कड्यावरची वीज आम्ही कधी वापरलीच नाही. ती सगळी तुमच्याकडे जायची. तुझ्या सैतामाच्या घरातला एसी आमच्या भट्टीवर चालायचा. मग चार पिशव्या तुझ्या बागेत ने की. गुलाब लावलेस ना, त्यांच्या शेजारी."

"हे मात्र ती खरं बोलली," शिगेहारु म्हणाला.

"तुम्ही दोघं एक झालात की माझं काही खरं नाही," नोबुहिको म्हणाला. "लहानपणापासून हेच. पण मला एवढं सांगा, तीस वर्षांनी आपण कोण? दादा नव्वदीला टेकलेला असेल. मी म्हातारा. भाड्यानं दिली तर हे लोढणं पोरांच्या गळ्यात. माझ्या पोरानं ओकुमा पाहिलेलंसुद्धा नाही. त्याला कशाला हा वारसा?"

"म्हणून मी भाड्यानंही नको म्हणतेय. द्यायचीच नाही," कायोको म्हणाली. ती कोरियामातल्या एका प्राथमिक शाळेत जेवणविभाग सांभाळत होती आणि आवाज चढवायची सवय तिला तिथे लागली होती. "आमच्या शाळेच्या मैदानाखाली पुरल्यात या पिशव्या. मुलं त्यांच्यावर धावतात. मी पालकांच्या सह्या गोळा केल्या, नगरपालिकेच्या दारात तीनदा बसले. काढायला लावणार म्हणजे लावणार. त्या पिशव्या मुलांच्या पायाखाली मी एक दिवस राहू देणार नाही, आणि तुम्ही म्हणता बाबांच्या बागेत..."

"काढून कुठे नेणार, कायोकोताई?"

फुमिएने विचारलं. ती भात वाढत होती. लग्न होऊन आली तेव्हापासून नणंदेशी तिचा आवाज कधी चढला नव्हता, आताही चढला नाही.

"म्हणजे?"

"शाळेतल्या पिशव्या. आणि तुमच्या अंगणातल्या. मिनोरी मागे सांगत होती ना, कपडे वाळत घालायच्या दांडीखाली पुरल्यात म्हणून. त्याही काढायला लावणार असाल. मग नेणार कुठे?"

कायोकोची मुलगी मिनोरी हातातल्या जेवायच्या काड्यांकडे बघत राहिली. नोबुहिको पुटपुटला, "आपलं ठेवायचं झाकून," आणि शिगेहारुने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला तिथेच थांबवलं. टोमणा पुरा झाला असता तर कायोकोला बरं वाटलं असतं. त्याला उत्तर देता आलं असतं. वहिनीच्या प्रश्नात टोमणा नव्हता.

ती गेली पाच वर्षं "काढा" म्हणत होती. तिच्या सगळ्या भाषणांत वाक्य तिथेच संपायचं. पालकांपैकी एकानेही पुढचं विचारलं नव्हतं. आणि तिने स्वतःला विचारलं नव्हतं, कारण उत्तर तिला माहीत होतं. कोरियामातून निघालेला ट्रक जाऊ शकेल अशी जमीन सगळ्या प्रांतात भट्टीच्या कुंपणाभोवतीच होती, आणि तिच्यातला एक तुकडा नीत्सुमांचा होता.

"मला भात नको, वहिनी," ती म्हणाली. फुमिएने तरी थोडा वाढलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओकुमाला निघाले. कलश आज कबरीत ठेवायचा, असं आईने महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं आणि परवाने शिगेहारुने काढले होते. फुमिए घरी राहिली. ते घर तिला पुन्हा पाहायचं नव्हतं. गाडी मिनोरी चालवत होती. मागे आजीच्या मांडीवर कलश होता.

फाटकाशी पांढरे पोशाख, बुटांवर घालायच्या पिशव्या, हातमोजे आणि गळ्यात अडकवायची किरणोत्सर्ग मोजणारी यंत्रं मिळाली. तोयोला पोशाख चढवायला दोघी लागल्या. "लग्नातल्या पांढऱ्या किमोनोनंतर आजच मला कुणी इतकं पांढरं नेसवलं," ती म्हणाली, आणि फाटकावरचा पहारेकरी तोंड फिरवून हसला.

कायोको पहिल्या वर्षी एकदा येऊन गेली होती, त्यानंतर नाही. तिला वाटलं होतं सगळं राखाडी, मेलेलं असेल. पण बाग हिरवी होती, नको इतकी हिरवी. भाताच्या खाचरांत पुरुषभर उंचीचं पिवळं रान माजलं होतं. नासपतीच्या तारांचा मांडव वेलींच्या वजनाने जमिनीला टेकला होता आणि रानडुकरांनी बुंध्यांभोवती उकरून ठेवलं होतं. झाडं तरीही फळली होती. सुपारीएवढी, डागाळलेली नासपती वेलींतून डोकावत होती. घराच्या पन्हळीखालून जाताना मिनोरीच्या गळ्यातलं यंत्र अचानक भराभर वाजायला लागलं. चार पावलं पुढे गेल्यावर शांत झालं.

"छपरावरचं सगळं पाणी तिथे पडायचं," शिगेहारु म्हणाला. "तिथे उभी राहू नकोस."

टेकाडावर पोचल्यावर कायोको थबकली. त्या मार्चातल्या भूकंपात कबरीचा दगड आडवा पडला होता, खालच्या कप्प्याची फरशी दुभंगली होती. त्या पडलेल्या दगडाचा फोटो तिच्याकडे होता. आता दगड सरळ उभा होता. फरशी नवी होती. भोवतालचं गवत कापलेलं होतं, आणि ते कालपरवा कापलेलं नव्हतं. सारखं कापत असल्याशिवाय जमीन अशी दिसत नाही.

"हे कधी केलंस?" तोयोने विचारलं.

"येत होतो अधूनमधून," शिगेहारु म्हणाला.

"एकटाच? इतका मोठा दगड?"

"साखळीची कप्पी लावली. भट्टीत याहून जड वस्तू उचलल्यात, आई."

त्याने आणि नोबुहिकोने फरशी सरकवली. तोयोने कलश स्वतः आत ठेवला. हातमोज्यांमुळे तो नीट धरता येईना, तेव्हा तिने मोजे काढून खिशात घातले आणि कुणी काही बोलायच्या आत काम उरकलं. उदबत्ती लावली. मिनोरीने पाणी ओतलं. मग तोयो कबरीशी बसली आणि नवऱ्याशी हलक्या आवाजात बोलू लागली, तेव्हा बाकीचे बाजूला झाले.

कायोको भावामागून मांडवापर्यंत उतरली. "मला वाटत होतं, तुला यातून एकदाचं सुटायचंय," ती म्हणाली. "गवत कापणारा माणूस जमीन विकायला का निघालाय?"

शिगेहारुने एक वेल ओढून पाहिली. ती तुटली नाही. "माझी पस्तीस वर्षं त्या कुंपणाच्या आत गेली. मी काही मोठा माणूस नव्हतो, झडपा घट्ट करणारा होतो. काय चुकलं ते मोठ्यांनी ठरवावं. पण तिथलं जे वाऱ्यावर गेलं ते कुणाच्या तरी अंगणात पडलं. ते तिथून उचलायला हवं. आणि उचललं की कुठेतरी ठेवायला हवं. दुसऱ्या कुणाच्या दारात ठेवा असं म्हणायला मला तोंड नाही, कायो. माझ्या जमिनीवर ठेवा म्हणालो. यात मला शरम वाटत नाही."

कायो या नावाने त्याने तिला कित्येक वर्षांत हाक मारली नव्हती.

"वहिनीनं काल मला गप्प केलं," ती म्हणाली.

"ती क्वचित बोलते. वर्षाचं एकदम बोलते."

"बरोबर बोलली. माती द्यायलाच हवी, दादा. मी शाळेत काढा म्हणायचं आणि इथे आणू नका म्हणायचं, हे मलाच पटत नाही आता. मी शिक्का देते." तो तिच्याकडे वळला. ती पुढे म्हणाली, "पण विकायला नाही. भाड्यानं. थांब, ऐकून घे. आजोबांनी कड्यावरची जमीन विकली. त्यानंतर तिथे काय चाललंय हे विचारायला आपण कोण होतो? तू आत कामाला होतास, तूसुद्धा विचारू शकत नव्हतास. जमीन त्यांची, भिंत त्यांची, आपण फक्त फाटकाशी वाकणारे. आता सगळ्यांनी विकली तर तीस वर्षांनी या सबंध जागेला एकच मालक असेल, आणि तोच म्हणेल, राहू दे इथेच, कुणाची काय हरकत आहे? हरकत घ्यायला कुणीतरी राहायला नको?"

शिगेहारुने हातातली वेल सोडली. "सरकार माती खरंच नेईल असं वाटतं तुला?"

"नाही वाटत. म्हणूनच."

नोबुहिको टेकाडावरून उतरत येत होता आणि त्याने शेवटचं ऐकलं. "आणि माझ्या पोराचं काय? मी कालच सांगितलं. मला त्याच्या गळ्यात हे अडकवायचं नाही. तुम्ही तत्त्वं पाळा, लोढणं त्यानं वाहायचं, असं नको."

हा प्रश्न खोटा नव्हता. उत्तर मिनोरीने दिलं. ती पाण्याची रिकामी बादली घेऊन मामाच्या मागेच उभी होती.

"मामा, ते आमच्या गळ्यात आहेच. कागद असो नसो. भट्टी फुटली तेव्हा मी शाळेत होते. नंतर दर काही वर्षांनी माझ्या गळ्याची, थायरॉइडची, तपासणी करतात. मोठी होऊन मी हॉस्पिटलात नोकरीला लागले, तर स्थळ सांगून येणाऱ्या बाईनं पहिलं हेच विचारलं, त्या वेळी तू नक्की कुठे होतीस. वारसा मला मिळाला. मग जमीनही द्या. नुसती भीती मिळण्यापेक्षा ते बरं."

"तू कुठलं स्थळ पाहिलंस?" कायोको म्हणाली. "मला बोलली नाहीस."

"पाहिलं नाही. तिला परत पाठवलं."

नोबुहिकोने डोक्यावरची पांढरी टोपी मागे सारली. त्याला घाम आला होता. "आणि तीस वर्षांनी तू सरकारी कचेरीत जाऊन भांडशील?"

"आईची मुलगी आहे मी."

शिगेहारु मोठ्याने हसला, आणि त्या हसण्याने झुडपांतून काहीतरी जड पाय आपटत पळालं. रानडुक्कर असावं. वर तोयो उठून उभी राहिली होती आणि तिघा मुलांकडे बघत होती.

"ठरलं का तुमचं?" तिने वरूनच विचारलं. ती उतरून येईना, म्हणून सगळे तिच्यापाशी चढून गेले.

"ठरत आलंय, आई," शिगेहारु म्हणाला. "कायो भाड्यानं म्हणतेय."

"मग मी आता बोलते. तुमच्या बाबांना मी आज इथे ठेवलंय. नीत्सुमांच्या जमिनीशेजारी ठेवलंय. उद्या माझीही जागा तीच. मला सरकारच्या जमिनीशेजारी झोपायचं नाही." तिने कबरीच्या दगडावरची राख बोटाने पुसली. "भाडेकरू वाईट मिळाला, हे मला कळतं. पण भाडेकरू वाईट असला तरी घरमालक घरमालकच असतो. त्याला विचारता येतं, बाबा, कधी जाणार तू?"

शिगेहारुने बहिणीकडे पाहिलं आणि होकाराची मान डोलावली. परतीच्या वाटेवर, अंगावरच्या पोशाखांची तपासणी करणाऱ्या तंबूत, हात वर करून उभा असताना नोबुहिको शेजारच्या कायोकोला म्हणाला, "पुढच्या वेळी मी पोराला आणीन. पंधराच्या पुढचा आहे, आत सोडतात. देतो मी शिक्का. पण त्यानं एकदा बघितल्यावर."

"बघू दे ना," कायोको म्हणाली. "पन्हळीपासून लांब उभं कर त्याला."

नोबुहिकोचा मुलगा नोव्हेंबरात येऊन गेला. बागेत फिरला, कबरीशी उभा राहिला, आत्याला त्याने फारसं काही विचारलं नाही आणि गाडीत झोपून गेला. पण बापाला म्हणाला की विकू नका. का, ते त्याला सांगता आलं नाही. नव्या वर्षात चौघांचे शिक्के लागले.

कायोकोच्या अंगणातली माती उचलायला माणसं आली ती पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात. तिने कपडे वाळत घालायची दांडी आदल्या दिवशीच काढून ठेवली होती. यंत्राने वरचा थर काढला, पिशव्यांवर अंथरलेलं निळं कापड वर आलं आणि मग एकेक पिशवी पट्ट्यांवर लोंबकळत बाहेर निघाली. आळीतली माणसं कुंपणापलीकडे उभी होती. शाळेच्या मैदानातलं कामही त्याच आठवड्यात सुरू व्हायचं होतं, त्यामुळे वातावरण जत्रेसारखं होतं. शेजारच्या ओगाताबाईंनी कामगारांना गार चहा दिला.

शेवटची पिशवी ट्रकवर चढली तशी ओगाताबाईंनी सुस्कारा टाकला. "गेली एकदाची ब्याद. तुम्ही नेट लावला म्हणून झालं हो, कायोकोबाई. कुठे नेतात कोण जाणे. लांब नेवोत म्हणजे झालं."

"ओकुमाला नेतात," कायोको म्हणाली. "आमच्या नासपतीच्या बागेत."

ओगाताबाई थट्टा समजून हसल्या. मग कायोकोच्या चेहऱ्याकडे बघून थांबल्या. "तुमच्या म्हणजे?"

"माझ्या नि माझ्या भावांच्या. आईच्या. आमची जमीन आहे ती. तीस वर्षांच्या भाड्यानं दिलीय."

चहाचा रिकामा ट्रे कुठे ठेवावा हे ओगाताबाईंना कळेना. तो तसाच छातीशी धरून त्या नमस्काराला खाली वाकल्या, खूप खाली, आणि तशाच राहिल्या.

"वाकू नका," कायोको म्हणाली आणि तिने त्यांना दंडाला धरून उभं केलं. "त्यापेक्षा एक करा. तीस वर्षांनी ही माती पुढे कुठे नेता, हे विचारायला आम्हाला जायचंय. आम्ही चारपाच जणं गेलो तर दारातूनच वाटेला लावतील. माणसं पुष्कळ लागतील."

"अहो, पण तोवर मी कुठली असायला?"

"मग तुमच्या सुनेला सांगून ठेवा," कायोको म्हणाली, आणि ट्रकला रस्त्यावर येता यावं म्हणून फाटक सताड उघडायला गेली.